सहा समया आणि सातवे पान

एका राज्यात पानांची मोजणी फार कडक होती. पंगत बसायची झाली की आधी माणसे मोजायची, मग पाने मोजायची, आणि दोन्ही आकडे जुळले की मगच भात वाढायचा. एक जरी पान जास्त मांडले, तर त्या रिकाम्या पानावर अवदसा येऊन बसते, असा तिथल्या लोकांचा पक्का समज होता. अवदसेला कुणी कधी पाहिले नव्हते, पण पाने मात्र सगळे मोजत.

त्या राज्याचा राजा धरणीधर. त्याला सहा पुत्र. प्रत्येक पुत्र जन्मला की राजवाड्यापुढच्या तळ्याकाठी त्याच्या नावाचा एक दगडी खांब रोवला जाई. असे सहा खांब उभे होते. शिवाय राजाला एक मुलगी होती, वल्लरी. तिसऱ्या राजपुत्राच्या पाठीवरची आणि चौथ्याच्या आधीची. पण मुलगी मोजायची नाही, ही तिथली रीत. तिने वाढायचे आणि सगळ्यांचे झाले की स्वयंपाकघरात बसून जेवायचे. लाडांना काही कमी नव्हते. हौसेने केलेले तोडे होते, पाळलेले हरीण होते, आईने स्वतः शिकवलेले पाढे होते. फक्त खांब नव्हता आणि पान नव्हते. वल्लरीलाही त्यात काही वावगे वाटत नसे. मासा पाण्याला कधी नावे ठेवतो का?

थोरला राजपुत्र रत्नकेतू याला युवराज करायचे ठरले. मोठी मेजवानी झाली. सहा भावांची सहा पाने चांदीच्या पाटांसमोर मांडली, आणि पहिल्या पाटावर कुणी बसायचे यावरून सहाही जण हमरीतुमरीवर आले. थोरला म्हणे मान माझा, धाकटा म्हणे लाडका मी. एवढ्यात अंकपाल नावाचा जादूगार दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात झाकलेली टोपली.

"राजाच्या लेकरांना भेट आणली आहे," तो म्हणाला. "लेकरं किती?"

"सहा," सहाही भाऊ एका सुरात म्हणाले. तेवढ्यापुरते त्यांचे एकमत झाले.

"नीट मोजा."

"आम्ही सहा, पानं सहा. तुमचं पान मोजणीत नाही. निघा आता."

वल्लरी तुपाची वाटी घेऊन तिथेच उभी होती. पाहुणा उपाशी जातो हे तिला पाहवेना. ती मागच्या दाराने गेली आणि तिच्यासाठी झाकून ठेवलेला भात त्याला द्रोणात घालून दिला. अंकपालाने तो उभ्या उभ्या खाल्ला, बोटे चाटली आणि विचारले, "पोरी, तू यांच्यात कितवी?"

"मी मोजणीत नाही, महाराज."

जादूगाराचे डोळे लाल झाले. तो पुन्हा पुढच्या दाराशी गेला, टोपलीवर थाप मारली, आणि सहाही राजपुत्र जागच्या जागी तांब्याचे झाले. तळ्याच्या मधोमध पाण्यातून एक गोल चौथरा वर आला. त्यावर ते सहा जण कडेकडेने उभे राहिले, प्रत्येकाच्या हातात एक समई. थोरल्याच्या समईला एक ज्योत, दुसऱ्याच्या चार, तिसऱ्याच्या दोन, चौथ्याच्या आठ, पाचव्याच्या पाच आणि धाकट्याच्या सात. थोरल्यापासून ओळीने वाचत गेले की आकडा होई एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

"तुमची मोजणी चुकली आहे," अंकपाल म्हणाला. "ती पुरी होईल तेव्हा पोरं सुटतील. माणसं समोर उभी करा आणि म्हणा, या इतक्यांच्या नावानं हा आकडा इतक्या पट. बरोबर असेल तर सगळ्या ज्योती सारख्या होतील. चुकलात तर तळ्याची एक पायरी कोरडी पडेल. पायऱ्या सहा आहेत. सहावी कोरडी पडली, की तांबं ते तांबंच."

असे म्हणून तो नाहीसा झाला. टोपलीही त्याच्याबरोबर गेली.

दरबारात शहाण्यांची काही वाण नव्हती. पहिल्या दिवशी राजाराणी काठावर उभी राहिली आणि राजा म्हणाला, "आम्हा दोघांच्या नावानं दुप्पट." चौथरा गरगर फिरला. दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा! पाहतात तो तिसरा राजपुत्र पुढे आलेला, पण ज्याच्या त्याच्या ज्योती होत्या तेवढ्याच, आणि ओळही तीच. एक पायरी कोरडी पडली. मग तीन पुरोहितांच्या नावाने तिप्पट केली, तेव्हा दुसरा पुढे आला. चार सेनापतींच्या नावाने चौपट केली, तेव्हा पाचवा. पाच पंचांच्या नावाने पाचपट केली, तेव्हा धाकटा. शेवटी सहा भावांच्याच नावाने सहापट केली, आणि आठ लाख सत्तावन्न हजार एकशे बेचाळीस होऊन चौथा पुढे आला. ज्या मानासाठी भांडत होते तो प्रत्येकाला एकेकदा मिळाला, आणि कुणाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पाच पायऱ्या उघड्या पडल्या. उरली एक.

"येत्या पौर्णिमेला अष्टप्रधान उभे करू आणि आठपट करू," मुख्य प्रधान म्हणाले. राजाने मान डोलावली. दुसरे काही सुचत नव्हते.

वल्लरी रोज होडीतून चौथऱ्यावर जाई आणि सहाही समयांत तेल घाली. धाकट्या मीनकेतूला तिने कडेवर खेळवले होते. त्याचा तांब्याचा गाल थंडगार लागे आणि तिला रडू फुटे. आठपटीवर तिचा विश्वास बसेना. एके सकाळी तिने पदराला भाकरी बांधली आणि अंकपालाला शोधायला निघाली. वाड्यातून बाहेर जाणारी माणसे मोजायला देवडीवर एक शिपाई असे. त्याने तिला मोजले नाही, म्हणून अडवलेही नाही. रीतीचा असाही उपयोग होतो.

वेशीबाहेर करवंदीच्या जाळीत एक भारद्वाज बसला होता. पंख विटकरी, डोळे लालबुंद.

"अंकपालाकडे ना?" तो म्हणाला. "मी त्याच्याच अंगणातला. वाट दाखवीन. पण मला उडायचा कंटाळा आहे. काट्याकुट्यात उचलून घ्यावं लागेल."

"घेईन."

"आणि भाकरीतली अर्धी माझी."

"दिली."

चालता चालता पहिल्या दिवशी एक डबके लागले. काठावर एक राक्षसीण बसली होती, आणि तिचे सहा हंस डबक्याभोवती एकामागे एक फिरत होते.

"यातला पहिला हंस आणून दे," राक्षसीण म्हणाली, "म्हणजे वाट देईन. चुकीचा आणलास तर न्याहारी करीन. हंसाची नव्हे."

वल्लरीने सगळ्यांत ऐटबाज हंस पाहिला, तर त्याच्यापुढे दुसरा चालत होता. त्याच्यापुढे तिसरा. ती काठाने चालत गेली, तर जिथे थांबे तिथून वेगळाच हंस पुढे दिसे. तिला एकदम चौथरा आठवला.

"आई," ती राक्षसिणीला म्हणाली, "गोलात पहिलं कुणी नसतं. बघणारा जिथे उभा असतो तिथून त्याला एक पहिला वाटतो, इतकंच."

"मला आई म्हणालीस?" राक्षसीण लाजली. "जा बाई, जा."

दुसऱ्या दिवशी डोंगराची खिंड लागली. तिथे तीन दगडी हत्ती आडवे बसले होते आणि त्यांचा माहूत विडा चघळत होता. जमिनीवर सहा गाठोडी गोलाकार ठेवली होती. एकात एक दगड, मग चार, मग दोन, मग आठ, मग पाच, मग सात.

"एकेका हत्तीवर दोन गाठोडी," माहूत म्हणाला. "तिघांचं ओझं सारखं झालं तरच हे उठतील. फार मानी आहेत."

वल्लरीने शेजारशेजारची गाठोडी जोडीने चढवली. एकावर पाच दगड झाले, दुसऱ्यावर दहा, तिसऱ्यावर बारा. हत्तींनी सोंडेने सगळे खाली फेकले, आणि एक दगड भारद्वाजाच्या शेपटीवर पडला. तो पुढची घटकाभर कुरकुरत होता. वल्लरी गाठोड्यांकडे पाहत बसली. एकाच्या बरोबर समोर आठ होते. चाराच्या समोर पाच. दोनाच्या समोर सात. तिने समोरासमोरच्या जोड्या लावल्या, आणि तिन्ही हत्तींवर नऊ-नऊ दगड झाले. हत्ती उठले, कान हलवले, वाट मोकळी झाली.

वल्लरी मात्र हलली नाही. थोरल्याची एक ज्योत आणि चौथ्याच्या आठ. मीनकेतूच्या सात आणि तिसऱ्याच्या दोन. इतकी वर्षे जे एकमेकांचा हेवा करत आले, त्यांतल्या प्रत्येकाची उणीव समोरच्याच भावाकडे भरून निघत होती, आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हते. तिला भावांची फार माया आली.

"नऊ," ती स्वतःशी म्हणाली. "सारख्या व्हायच्या तर नऊच होतील."

"मला भूक लागली आहे," भारद्वाज म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंकपालाचे घर आले. साधे गवताने शाकारलेले घर. दाराशी एक वेताळ झाडू मारत होता. अंकपाल ओटीवर बसला होता. त्याने वल्लरीला ओळखले, पण ओळख दाखवली नाही.

"भावांना सोडवायचंय ना?" तो म्हणाला. "तिसरं काम सोपं आहे. माझ्या घरी पंगत आहे. पानं मांड. आज जेवणारी जितकी माणसं या घरात आहेत, तितकीच. तीनदा चुकलीस तर आल्या वाटेनं परत जा."

घरात राक्षसीण आणि माहूत आधीच येऊन बसले होते. त्यांना आडवाटा माहीत होत्या. वल्लरीने मोजले. अंकपाल, त्याची बायको, राक्षसीण, माहूत, वेताळ आणि भारद्वाज. सहा. तिने केळीची सहा पाने धुऊन मांडली.

"पान कमी पडलं," अंकपाल म्हणाला.

तिने पुन्हा मोजले. परसात कुणी आहे का पाहिले, माळ्यावर पाहिले. पुन्हा सहाच भरले. तिने तीच सहा पाने पुसून पुन्हा मांडली.

"पान कमी पडलं."

वल्लरीला घाम फुटला. तिने एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजले. वेताळाचे डोके गार होते, राक्षसिणीच्या केसांत हंसाची पिसे होती. सहा. काहीही केले तरी सहाच. तिसऱ्यांदा पाने मांडायला ती वाकली. आता चुकले तर संपले.

भारद्वाज आपल्या पानाशी येऊन बसला होता. भुकेने तो अगदी रडकुंडीला आला होता.

"अगं बये," तो ओरडला, "मांड ना लवकर! आणि तू कशावर जेवणार आहेस?"

"मी मागाहून..." वल्लरी म्हणाली, आणि तिथेच थांबली.

जन्मभर तिने हजारो पाने मांडली होती, आणि त्यांतले एकही पान तिचे नव्हते. ते तिला कधी खुपले नव्हते, आणि आता एकदम इतके खुपले की डोळे भरून आले. तिने सातवे पान घेतले, धुतले आणि मांडले. मग त्या पानाशी जाऊन स्वतः बसली.

"आता वाढा," अंकपाल म्हणाला, आणि त्याची बायको भात घेऊन आली.

जेवणे झाल्यावर अंकपालाने टोपली पुढे ओढली. टोपली रिकामी होती. "हिच्यात दहा लाख ज्योती होत्या," तो म्हणाला. "तुम्हा भावंडांना द्यायला आणल्या होत्या. सारखे वाटे केले. एकेकाला आल्या एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. तो आकडा तू ओळखतेस. पण एक ज्योत उरली. काही केल्या ती वाटता येईना." त्याने कोनाड्यातली एक पणती तिच्या हातात दिली. "ती ही. हिला विझू देऊ नकोस."

"हिचं काय करायचं, महाराज?"

"ज्याला त्याला स्वतःच ठरवावं लागतं."

वल्लरी पौर्णिमेच्या दिवशी सकाळी राजधानीत पोचली. एका हातात पणती, दुसऱ्या काखेत भारद्वाज. तळ्याकाठी अष्टप्रधान अंगावर शेले घेऊन ओळीने उभे होते, आणि राजा तोंड उघडणार एवढ्यात ती धावत पुढे आली.

"बाबा, थांबा! आठ नव्हे, सात."

"सात कोण?" मुख्य प्रधानांनी विचारले. "सप्तर्षी? ते आकाशातून खाली कसे उतरवायचे?"

"सहा माझे भाऊ आणि सातवी मी."

काठावर कुजबुज झाली. पुरोहित म्हणाले, मुलगी मोजायची नसते. प्रधान म्हणाले, हे कुठेच लिहिलेले नाही. राजा तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा महिनाभरात सुकून गेला होता.

"वल्लरी, एकच पायरी उरली आहे. तुझं चुकलं तर माझी सहाही लेकरं गेली."

"चुकलं तर सातही, बाबा. मी चौथऱ्यावर उभी राहणार आहे."

राजाने तिच्याकडे पाहिले. आपल्याला लेकरे किती, हा विचार त्याने पहिल्यांदा त्या दिवशी केला. मग तो बाजूला सरला.

वल्लरी होडीतून चौथऱ्यावर गेली, मीनकेतूच्या शेजारी उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "आम्हा सात भावंडांच्या नावानं हा आकडा सातपट." मग आईने शिकवला तसा तिने पाढा धरला.

"सात साते एकोणपन्नास." मीनकेतूच्या समईत ज्योतीच ज्योती झाल्या. त्याने नऊ ठेवल्या, आणि हातच्या चार शेजारच्या भावाच्या समईत उडी मारून गेल्या.

"सात पाचे पस्तीस, अन् चार एकोणचाळीस." पाचव्याने नऊ ठेवल्या, तीन पुढे दिल्या.

"सात आठे छप्पन्न, अन् तीन एकोणसाठ." नऊ ठेवल्या, पाच पुढे दिल्या.

"सात दुणे चौदा, अन् पाच एकोणीस." नऊ ठेवल्या, एक पुढे.

"सात चोक अठ्ठावीस, अन् एक एकोणतीस." नऊ ठेवल्या, दोन पुढे.

"सात एके सात, अन् दोन नऊ." थोरल्याच्या समईला नऊ ज्योती लागल्या. पुढे द्यायला काही उरले नाही.

नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. सहाही समया सारख्या. जन्मात कधी एकमेकांना घास न दिलेल्या भावांनी हातचे असेल ते शेजाऱ्याला दिले होते. काठावर जयजयकार झाला. पायरी कोरडी पडली नाही.

पण तांबे सुटले नाही.

जयजयकार हळूहळू थांबला. राणीने तोंडाला पदर लावला. वल्लरीने मीनकेतूच्या गालाला हात लावला, तो अजून गारच होता. मोजणी बरोबर होती, ज्योती सारख्या होत्या, मग राहिले काय? ती चौथऱ्यावर उभी होती, नाव सातांचे घेतले होते. पण समया सहाच होत्या, आणि सातवीच्या हातात एक लहानशी पणती होती.

"हिला कुणी मोजलंच नाही," वल्लरी म्हणाली. जादूगाराने वाटले ते भावंडांचे, आणि वाटून उरली ती ही. दहा लाखांना एकच कमी होती. तिने वाकून पणतीची ज्योत मीनकेतूच्या समईला लावली.

नऊ आणि एक दहा. मीनकेतूची समई अख्खी विझली, आणि हातची एक ज्योत शेजारी गेली. तिथेही नऊ आणि एक दहा झाले. ती समई विझली आणि ज्योत पुढे गेली. अशी एकेक समई विझवत, एकेका भावाच्या हातून ती एकटी ज्योत थोरल्यापर्यंत पोचली. थोरल्याचीही समई विझली. ओळीत त्याच्यापुढे आणखी समई नव्हती. तिथे चौथऱ्यातून एक नवी समई वर आली, आणि ज्योत तिच्यावर जाऊन स्थिर झाली. पुढे एक आणि मागे सहा शून्ये. दहा लाख पुरे झाले.

शून्यापाशी शापाला धरून राहण्यासारखे काही उरले नव्हते. तांबे पाण्यासारखे ओघळले. मीनकेतू शिंकला आणि म्हणाला, "ताई, भूक लागली." तळ्याचे पाणी पायऱ्या चढत वर आले, पाची पायऱ्या बुडाल्या, आणि बघे लोक चपला हातात घेऊन मागे पळाले.

त्याच दुपारी पंगत बसली. पहिला पाट कुणाचा यावर भांडण निघाले नाही, कारण रत्नकेतूने पाट गोलाकार मांडायला सांगितले. गोलात पहिलं कुणी नसतं, हे त्याला वल्लरीने वाटेतच सांगितले होते. पाने मांडायला स्वतः राजा बसला. त्याने एक-एक करून सात पाने मांडली, सातव्यापाशी वल्लरीला हात धरून बसवले, आणि तुपाची वाटी आपल्या हातात घेतली. वाढताना त्याचे तूप बरेच सांडले. त्याला सवय नव्हती.

मग राजाने आणखी एक पान घेतले आणि सातांच्या शेजारी मांडले.

"महाराज," पुरोहित घाबरून म्हणाले, "सातच माणसं आहेत. रिकाम्या पानावर अवदसा येते."

"येऊ दे," राजा म्हणाला. "मोजायला मी एकदा चुकलो आहे. परत चुकलो, तर ज्याला विसरलो त्याच्यासाठी हे असू दे."

तेवढ्यात दारात खांद्यावर घोंगडी घेतलेला एक म्हातारा उभा राहिला. वल्लरीने त्याला पाहिले आणि सरकून जागा केली. अंकपाल आठव्या पानाशी येऊन बसला. भारद्वाजाने त्याच्याच पानातला भात खायला सुरुवात केली.

तळ्याकाठी आज सात खांब आहेत. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधला तेवढा जरा नवा दिसतो. आणि त्या राज्यात अजून पंगतीला एक पान जास्त मांडतात. ते कधी रिकामे राहिले, असे कुणी सांगत नाही. त्यांच्या पंगतीला जसे पान कमी पडले नाही, तसे तुमच्या-आमच्या पंगतीलाही न पडो.